मोलुंगची मंडळी नेमकी कधी स्थापन झाली?

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, स्मरणिकेची पहिली बैठक स्थापनेच्या सालावरून मोडली. कोनशिलेवर एक साल, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातली पहिली नोंद त्याच्या सहा वर्षं आधीची, आणि मिशनच्या जुन्या कागदात तिसरंच. सेक्रेटरी म्हणाला, दगडावर कोरलंय तेच धरायचं. त्यावर कोपऱ्यात बसलेल्या एका मावशी म्हणाल्या, "अरे, दगड बसायच्या आधी मास्तरांच्या ओसरीवर भक्ती व्हायची. माझी आजी तिथं जायची. ती काय मंडळी नव्हती?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. चहा झाला आणि आम्ही उठलो.

तेव्हापासून ग्रामीण मंडळ्यांच्या स्थापनेच्या कथा हाताला लागतील तशा वाचत गेलो. आपल्या नगर जिल्ह्यातल्या कथा ओळखीच्या, त्यामुळे त्यांत आपण फार लवकर बाजू घेतो. म्हणून इथे मुद्दाम लांबचं प्रकरण घेतलं आहे. आजच्या नागालँडमधलं, मोकोकचुंग जिल्ह्यातलं मोलुंग. नागा टेकड्यांमधली पहिली मंडळी म्हणून तिचं नाव घेतात. या एका मंडळीला स्थापनेच्या निदान चार तारखा लावता येतात, आणि प्रत्येक तारखेमागे वेगळा माणूस उभा आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. वरच्या आसामात शिवसागर, आहोम राजांची जुनी राजधानी, मोठा तलाव आणि काठावर शिवाचं उंच देऊळ. गावाजवळून दिखौ नदी वाहते. ती येते नागा टेकड्यांतून, आणि तिच्या खोऱ्याने आओ जमातीची माणसं खाली बाजाराला येत. कापूस, विड्याची पानं असा माल आणायचा आणि मीठ घेऊन परत चढायचं. टेकड्यांवर ब्रिटिशांचा अंमल नव्हता. प्रत्येक आओ गाव म्हणजे स्वतंत्र राज्यच. डोंगराच्या धारेवर घरं, भोवती कुंपण, वेशीला दार, दाराजवळ तरुण पोरांनी रात्री राहायचं आरजू आणि अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेला प्रचंड नगारा. शत्रू आला, आग लागली किंवा कुणाचं शीर कापून आणलं, की नगारा वाजे. गावागावांतलं वैर शिरांच्या हिशेबात मोजलं जाई. परक्या गावात एकट्याने जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

शिवसागरला अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचा छापखाना होता. हे मिशन १८३६ मध्ये सदियाला आलं. पुढे शिवसागरहून त्यांनी १८४६ पासून 'ओरुनोदोई' हे असमिया मासिक काढलं. (आपल्याकडे नगरहून 'ज्ञानोदय' निघाला तो १८४२ मध्ये. छापखाना आधी आणि खेडं नंतर, हा त्या काळच्या मिशनचा ठरलेला क्रम दिसतो.) टेकड्यांत शिरायचा एक प्रयत्न माइल्स ब्रॉन्सनने १८३९-४० मध्ये नामसांगला करून पाहिला होता, तो फसला. १८५१ मध्ये मेरांगकोंगच्या एका आओ माणसाचा शिवसागरला बाप्तिस्मा झाला, पण त्यातून मंडळी उभी राहिली नाही. 'पहिला नागा ख्रिस्ती' आणि 'पहिली नागा मंडळी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच लक्षात घ्यायला हवं. एकटा माणूस बाप्तिस्मा घेऊ शकतो, मंडळी करू शकत नाही.

एडवर्ड विंटर क्लार्क आणि त्याची बायको मेरी १८६९ मध्ये शिवसागरला आले. त्याच्याकडे काम होतं छापखान्याचं. टेकड्या बंगल्यातून दिसत, पण तिकडे जायचं ना हुकूम, ना भाषा, ना वाट दाखवणारा कुणी.

वाट दाखवली सुपोंगमेरेनने. हा मोलुंगचा आओ. तेव्हा आसामी लोक त्या गावाला देका हायमोंग म्हणत, आता ते मोलुंगकिमोंग म्हणून ओळखलं जातं. शिवसागरला येता-जाता त्याची गाठ पडली गोधुलाशी. गोधुला हा असमिया ख्रिस्ती, मिशनचा उपदेशक. आपल्याकडे ज्याला 'मास्तर' म्हणत, ज्याने शाळाही घ्यायची, भक्तीही घ्यायची आणि साहेब आला की घोड्यामागून चालायचं, तसलाच माणूस. सुपोंगमेरेनने त्याला आओ भाषा शिकवली. या शिकवणीचं महत्त्व मला फार वाटतं. पुढे जे काही झालं ते या दोघांनी एकमेकांसमोर बसून घोकलेल्या शब्दांवर उभं आहे. एकाची भाषा डोंगरातली, दुसऱ्याची मैदानातली आणि गोरा माणूस अजून या चित्रात कुठेच नाही.

ऑक्टोबर १८७१ मध्ये दोघं वर गेले. गावाने गोधुलाचं स्वागत केलं नाही. हा कंपनी सरकारचा हेर असणार, असा लोकांचा संशय. (राज्य कधीच राणीचं झालं होतं, पण मैदानी प्रदेशातल्या सत्तेला लोक कंपनीच म्हणत.) त्याला एका झोपडीत ठेवून बाहेर पहारा बसवला.

हा प्रसंग जरा थांबून बघण्यासारखा आहे. बांबूची झोपडी, बाहेर भालेवाले. आत एक माणूस, ज्याला गावाची भाषा मोडकीतोडकी येते. वाद घालून सुटायला ती पुरायची नाही. गोधुला गाऊ लागला. गाणी असमियातली, मिशनच्या गीतपुस्तकातली. आवाज भारदस्त होता, असं मेरी क्लार्कने लिहून ठेवलं आहे. लोक झोपडीभोवती जमले. गाणं संपलं की तो थोडं बोले; लोक पांगू लागले की पुन्हा गाई. शब्द किती जणांना कळले असतील? थोड्यांनाच, असा माझा तर्क. पण हेर गात बसत नाही, एवढं गावाला कळलं असावं. आपल्याकडे ख्रिस्ती कीर्तनाने जे काम केलं, तेच इथे त्या गाण्यांनी केलं: ऐकणाऱ्याला आधी बसतं केलं. काही दिवसांनी गोधुला परत निघाला तेव्हा त्याला सुखरूप पोचवायला गावचीच सशस्त्र माणसं खालपर्यंत आली. पहारेकरी होते तेच सोबती झाले.

एप्रिल १८७२ मध्ये तो पुन्हा वर गेला आणि या खेपेला बायकोला घेऊन. तिचं नाव लुसी. कागदोपत्री तिच्याबद्दल याहून फार काही सापडत नाही. पण परका पुरुष बायकोला घेऊन गावात राहायला येतो, तेव्हा हेरगिरीचा संशय आपोआप गळतो, हे खेड्यात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पाणवठा, भात सडणं, तान्ही पोरं यांतून लुसी ज्या घरांत पोचली असेल, तिथे गोधुला पोचू शकला नसता. हे मी अंदाजाने लिहितो आहे. तरी स्थापनेच्या कथेत तिला एका ओळीत उरकणं मला पटत नाही.

पावसाळा दोघांनी तिथेच काढला. नऊ माणसं बाप्तिस्म्याला तयार झाली आणि मग अडचण आली.

बाप्टिस्ट रीतीत बाप्तिस्मा जाणत्या माणसाचा, विश्वासाची कबुली घेऊन आणि पाण्यात पूर्ण बुडवून. तो द्यायचा दीक्षित पाळकाने. गोधुला उपदेशक होता, पाळक नव्हता. त्याने माणसं तयार केली. पाण्यात उतरवायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. म्हणून नोव्हेंबर १८७२ मध्ये त्या नऊ जणांना दोन-तीन दिवसांची वाट उतरून, वैऱ्यांच्या हद्दींजवळून, सोबतीला गावकऱ्यांचं पथक घेऊन शिवसागर गाठावं लागलं. तिथे दिखौ नदीत क्लार्कच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. नदी त्यांच्याच डोंगरातून आलेली. त्यांची नावं चढली मात्र शिवसागरच्या मंडळीच्या पटावर, कारण मोलुंगला पटच नव्हता.

स्थापनेचा घोळ सुरू होतो तो इथून. नऊ विश्वासणारे आहेत, पण कागदाने ते दुसऱ्या गावचे सभासद. गावात बांबूचं छोटं प्रार्थनाघर आहे, गोधुला आठवड्याला भक्ती घेतो, पण प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीतली भाकर आणि प्याला, देऊ शकत नाही. याला मंडळी म्हणायचं की नाही? मावशींचा प्रश्न तोच.

डिसेंबरमध्ये क्लार्क स्वतः वर निघाला. ब्रिटिश हद्दीपलीकडे जिवाची हमी आम्ही देणार नाही, असं सरकारी अधिकाऱ्यांनी बजावलं होतं. मोलुंगची माणसं न्यायला आली होती. त्यांच्या भाल्यांच्या भरवशावर तो चालला. १८७२च्या नाताळाच्या तोंडावर गावात आणखी १५ जणांचा बाप्तिस्मा झाला. आधीचे ९ धरून २४. त्यांची मंडळी रीतसर स्थापन झाली. इतिहासाच्या पुस्तकांत जी तारीख मिळते ती ही. क्लार्क गावात दोन आठवडेही नव्हता. आता आपलं आयुष्य इथेच, असं मनाशी ठरवून तो खाली उतरला.

आणि जवळपास सव्वातीन वर्षं तिथे राहायला जाऊ शकला नाही. १८७३ मध्ये सरकारने इनर लाइनचा कायदा केला. ती रेघ ओलांडायला परवाना लागू लागला. (आजही नागालँडला जाताना जो इनर लाइन परमिट काढतो, त्याचं मूळ हेच.) शिवाय टेकड्यांमधली वैरं पेटलेली. मग त्या काळात मंडळी कुणी सांभाळली? गोधुलाने आणि त्या २४ जणांनी. नवी मंडळी पहिल्या दोन-तीन वर्षांत टिकते नाही तर विरून जाते, आणि त्याच वर्षांत संस्थापक म्हणून ज्याचं नाव घेतात तो मैदानात छापखाना चालवत होता. क्लार्कला कमी लेखायचा हेतू नाही. पुढे त्याने जे सोसलं ते खरंच होतं. पण सालं एकाखाली एक मांडली की हे दिसतंच.

मार्च १८७६ मध्ये क्लार्क एकटाच मोलुंगला राहायला गेला. मेरी तब्येतीमुळे अमेरिकेत होती, ती दोन-एक वर्षांनी आली. तो आला आणि गावातला आतापर्यंत दबलेला वाद वर आला.

वाद देवावरून होता म्हणणं सोपं आहे, पण पुरेसं नाही. आओ गावात धर्म म्हणजे गावकीचं काम. पेरणीनंतरचा मोआत्सू सण, पीक तयार होताना त्सुंगरेमोंगचा सण, मध्ये अख्ख्या गावाने शेतावर न जाण्याचे पाळणुकीचे दिवस, लिजाबा देवाला द्यायचा बळी. यात वर्गणी सगळ्यांची आणि फळही सगळ्यांचं. काही घरं बाजूला राहिली आणि पीक बुडालं तर दोष कुणाचा? त्यातून ख्रिस्ती घरं स्वारीवर यायला तयार नाहीत, शीर आणल्याच्या उत्सवात बसत नाहीत, तांदळाची दारू नको म्हणतात. बाहेरच्याला हा नैतिक आग्रह वाटेल. गावच्या पंचांना तो संरक्षणाचा प्रश्न होता: हल्ला झाला तर ही माणसं कुंपणावर उभी राहणार की नाही? मला पंचांची बाजू कळते. आपल्याकडेही धर्म बदललेल्या घरांवर गावाने बहिष्कार टाकला तेव्हा तंटा देवापेक्षा जत्रेच्या वर्गणीवरून, बलुत्यावरून आणि पाणवठ्यावरून जास्त होता.

२४ ऑक्टोबर १८७६ रोजी सुमारे १५ ख्रिस्ती कुटुंबं घरं मोडून निघाली आणि थोड्या अंतरावरच्या धारेवर त्यांनी नवं गाव वसवलं: मोलुंगयिमसेन, म्हणजे नवं मोलुंग. क्लार्क त्यांच्याबरोबर.

त्या टेकड्यांत नवं, लहान, पाठीशी कुणी नसलेलं गाव म्हणजे काय, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक होतं. जुनी गावं टिकत ती संख्येवर आणि सोयरिकीच्या गावांवर. या १५ घरांकडे दोन्ही नाही. भोवतालची बलाढ्य गावं ही घरं सहज पुसून टाकू शकली असती. पहिले महिने भीतीतच गेले. पण हल्ला झाला नाही, आणि हळूहळू शेजारच्या गावांचे लोक बघायला, मग बोलायला आणि काही राहायलाच आले. आलेले सगळे ख्रिस्ती नव्हते. कुणी जुन्या गावातल्या भांडणाला कंटाळून आलं, कुणी नव्या शेताच्या आशेने. शीर कापायचं नाही आणि स्वारीवर जायचं नाही, हा गावाचा नियम मान्य असला की राहता येई. मंडळी आणि गाव एकच, हे समीकरण पहिल्या दोन-तीन वर्षांतच सुटलं, आणि ते सुटलं हे बरंच झालं असं मला वाटतं.

'मिशनरी आले ते राज्यकर्त्यांच्या मागून' हे आपलं एक ठरलेलं वाक्य आहे. मोलुंगला ते बसत नाही. आओ मुलुख ब्रिटिशांनी ताब्यात घेतला १८८९ मध्ये. नवं गाव वसल्यानंतर १३ वर्षं ही मंडळी कुठल्याही साम्राज्याच्या बाहेर होती. त्याचबरोबर हेही सांगायला हवं की इंग्रजांचा अंमल आला तेव्हा क्लार्क दांपत्याला त्याचं वाईट वाटलं नाही. शीर कापणं थांबेल, याचा त्यांना आनंदच होता.

या वर्षांत आणखी एक गोष्ट झाली. क्लार्कने आओ भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली. अंकलिपी, प्रश्नोत्तरी, मत्तय आणि योहान यांची शुभवर्तमानं. मेरीने मुलींची शाळा काढली. आओच्या मुख्य बोली दोन, चुंगली आणि मोंगसेन. मोलुंगला बोलत चुंगली. म्हणून पुस्तकं चुंगलीत झाली, पुढच्या शाळा चुंगलीत, गीतं चुंगलीत, क्लार्कचा १९११ मध्ये कलकत्त्याला छापलेला आओ-इंग्रजी कोशही चुंगलीचाच. मोंगसेन बोलणारी गावं काही कमी नव्हती. सुपोंगमेरेन दुसऱ्या गावचा असता तर आज आओंची ग्रंथभाषा कदाचित वेगळी असती. मंडळी कुठे स्थापन झाली याचा असाही परिणाम होतो. स्मरणिकेत त्यावर कुणी लिहीत नाही.

वाढ मात्र सरळ झाली नाही. नव्या गावाच्या मंडळीत उत्साह ओसरला. तांदळाची दारू परत आली, मैदानातून अफू आली, पटावर नावं पण उपासनेला माणसं नाहीत. १८९०च्या दशकात तरुण मिशनरी आले तेव्हा त्यांना हे बघवेना. त्यांनी जुना पट जवळजवळ रद्द करून सदस्यत्व नव्याने दिलं, दारू सोडण्याच्या अटीवर. म्हणजे हीसुद्धा एक स्थापनाच, पाचवी म्हणा हवं तर. दारूची अट बायबलच्या नव्या करारातून आली की त्या काळच्या अमेरिकन मद्यपानविरोधी चळवळीतून, यावर नागा अभ्यासक आजही वाद घालतात. मला दुसरं उत्तर जास्त पटतं. आओ घरात तांदळाची दारू ही नशेची गोष्ट होती त्याहून जास्त पाहुणचाराची आणि अन्नाची होती.

१८९४ मध्ये मिशनचं ठाणं इम्पूरला हललं आणि मोलुंग पुन्हा साधं खेडं झालं. तरी १८९७ मध्ये आओ मंडळ्यांचा संघ स्थापन झाला तो मोलुंगयिमसेनलाच. संघाच्या नावात 'आरोगो' हा शब्द आहे, मंडळीसाठी आओ लोक तोच वापरतात. आपला 'मंडळी' शब्द जसा घरच्या माणसांनाही चालतो आणि चर्चलाही, तसा एकदा जिभेवर बसला की तो परका राहत नाही.

तर तारखा अशा: ऑक्टोबर १८७१, सुपोंगमेरेन आणि गोधुला वेशीतून आत शिरले तेव्हाची. नोव्हेंबर १८७२, नदीतली. डिसेंबर १८७२, गावातली. आणि ऑक्टोबर १८७६, गाव मोडलं तेव्हाची. नागालँडने साल निवडलं १८७२. त्याच हिशेबाने १९७२ मध्ये शताब्दी झाली, प्रसिद्ध अमेरिकन प्रचारक बिली ग्रॅहम कोहिमाला आला, आणि मोकोकचुंगजवळ क्लार्कच्या नावाचं धर्मशास्त्र महाविद्यालय त्याच वर्षी निघालं. बाप्टिस्ट रीतीने पाहिलं तर निवड चूक नाही: कबुली, पाणी, प्रभुभोजन आणि आपला स्वतःचा पट, चारही एकत्र आले ते डिसेंबर १८७२ मध्येच. पण ही व्याख्या घेतली की तारीख आपोआप दीक्षित माणसाच्या हजेरीला बांधली जाते. गोधुला महिनोन्महिने गावात असो, गोरा पाळक दोन आठवडे असो, घड्याळ सुरू होतं ते पाळक आल्यावर. आपल्या खेड्यांतल्या उपदेशकांचंही हेच झालं. कोनशिलेवर मिशनरीचं नाव आणि मास्तरांचं नाव फार तर पगारपत्रकात.

१८७६ ची तारीख धरणाऱ्यांचं म्हणणंही सोडून देण्याजोगं नाही. त्यांच्या मते मंडळीने घर सोडायची तयारी दाखवली तेव्हाच ती मंडळी झाली. अडचण एवढीच की तसं म्हटलं तर जुन्या मोलुंगच्या हातून पहिलेपण जातं. आणि पहिली भक्ती, पहिलं प्रार्थनाघर, पहिले पंधरा बाप्तिस्मे सगळे झाले ते तिथे. मोलुंगकिमोंगलाही आज बाप्टिस्ट मंडळी आहे आणि नागालँडची पहिली मंडळी म्हणून तीच आपलं नाव सांगते. ज्या गावाने १५ घरांना बाहेरची वाट दाखवली, तेच गाव आता १८७२ चा वारसा सांगतं. यात मला विसंगती दिसत नाही. गोधुलाला सुखरूप खाली पोचवणारे भालेवालेही त्याच गावचे होते.

आमच्या समितीच्या पुढच्या बैठकीत मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. सेक्रेटरीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मुखपृष्ठावर कुठलं साल टाकू?" मावशी म्हणाल्या, दगडाचं टाक, पण आत पहिल्या पानावर ओसरीचा फोटो छाप. ओसरी पडून बरीच वर्षं झाली. फोटो अजून शोधतो आहोत.